ओल्या चुन्याचा वास

ओल्या चुन्याला कसला वास येतो, हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाबद्दल लोकांनी किती लिहून ठेवलंय, आणि त्याचं कौतुक झालंही पाहिजे. पण हा वास त्याच्यापेक्षा अबोल. थंड, नाकाला किंचित झोंबणारा, नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखा, आणि त्याच्या अगदी तळाशी शाळेच्या पाटीवर घासलेल्या पेन्सिलीचा कोरडा भुगा. तो फार दिवस टिकतही नाही. खोलीत माणसं राहायला आली, फोडणी पडली, उदबत्ती लागली, की चार दिवसांत विरून जातो. म्हणून तो रिकाम्या खोलीचाच वास. कुणीतरी गेलंय आणि कुणीतरी यायचंय, या दोघांच्या मधल्या दिवसांचा.

श्टुटगार्टमधल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मार्चमधल्या फिकट दुपारी, एका आजीबाईंनी किल्ली फिरवून दार आत ढकललं आणि तो वास माझ्या अंगावर आला. त्या दाराला उंबरा नव्हता, तरी उंबऱ्याशी थबकावं तशी मी थबकले. आत काहीच नव्हतं. छतातून दिव्याच्या नुसत्या तारा लोंबत होत्या. स्वयंपाकघर म्हणून जी जागा होती तिथे ओटा नव्हता, शेगडी नव्हती, भिंतीतून बाहेर आलेले दोन नळाचे पाइप तेवढे होते. चार पांढऱ्या भिंती, लाकडी जमीन, आणि तो वास. आजीबाई काहीतरी सांगत होत्या. दोन वर्षं घोटून घोटून शिकलेलं माझं जर्मन त्या मिनिटभर मला सोडून गेलं. मी सावंगीत होते.

सावंगी (मेघे). हे नाव लिहिताना कंस लागतोच. विदर्भात सावंग्या पुष्कळ, म्हणून आमच्या सावंगीला ओळखीसाठी मेघे. तसंच वर्ध्याभोवतालच्या बोरगावला, सिंदीला, उमरीलाही. 1990 साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं, आणि मग गावाचा सगळा श्वासच बदलला. केरळ, मणिपूर, बिहार, कुठकुठली मुलं-मुली डॉक्टर व्हायला, नर्स व्हायला येऊ लागली. वसतिगृहात मावली नाहीत ती गावात खोली करून राहू लागली. ज्याच्या घरामागे थोडी जागा होती त्याने एक खोली चढवली, न्हाणीघर बांधलं, फाटकावर खडूने 'खोली भाड्याने देणे आहे' लिहिलं. आमच्याही घरामागे अशी एक खोली होती. तिला आम्ही शेवटपर्यंत 'मागची खोली' म्हणत आलो, तिच्यात कोण कोण राहून गेलं तरी.

वर्षाकाठी ती एकदा रिकामी व्हायची, बहुधा उन्हाळ्यात. आणि रोहिणी सरून मृग तोंडाशी आला की बाबा चुना आणायचे. कळीचा चुना, पोत्यातून, वर्ध्याच्या बाजारातला. अंगणातल्या पिंपात ते दगडासारखे खडे टाकून वरून पाणी ओतलं की पिंप आधी गप्प बसायचं, मग आतून सूं सूं करू लागायचं, मग खदखदायला लागायचं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय! आम्हा भावंडांना तिथे फिरकू देत नसत. डोळ्यात एक थेंब उडाला तर डोळा जाईल, हे आईने इतक्यांदा बजावलेलं की मी दाराआडून एक डोळा झाकून बघायची. रात्रभर तो चुना निवायचा. सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी, मूठभर मीठ, आणि निळीची एक पुरचुंडी. बाबांना रंगाऱ्याला बोलावणं पटत नसे. डोक्याला फडकं बांधून, अंबाडीच्या कुंच्याने, खालून वर आणि मग आडवं, असं ते स्वतः भिंत पोतत.

चुना ओला असताना दिसतच नाही. हात फिरला तिथे भिंत उलट काळवंडते, राखाडी होते, जुने डाग आणखी ठसठशीत दिसायला लागतात, आणि आपल्याला वाटतं, गेली मेहनत वाया. मग दुपार चढते. सेहेचाळीस अंशांची आमची दुपार. आणि ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही, पण भिंत आपल्या आपण, आतून, पांढरी होत येते. वरच्या कोपऱ्यातून उतरत उतरत. मी गार फरशीवर पाठ टेकून तो पांढरेपणा उतरताना बघत पडायची. कवाडाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी समोरच्या भिंतीवर आलेली असायची, आणि त्या पट्टीपुरती भिंत सगळ्यात आधी वाळायची.

एवढं सगळं कुणासाठी, हे बाबांना ठाऊक नसायचं. ज्याच्यासाठी भिंत पांढरी करायची तो कुठल्या गावचा, काय नावाचा, अजून काहीच माहीत नाही. आणि तरी कुंचा तसाच मन लावून फिरायचा, जसा दिवाळीत घराच्या भिंतीवर. तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आता वाटतं, कारण मधल्या पाच महिन्यांत मी स्वतः भाड्याचं घर शोधून पाहिलं.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांत कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हा नर्सिंग केलेल्या आम्हा मुलींच्या तोंडी श्टुटगार्ट हे नाव एकाएकी पुलगाव-हिंगणघाटासारखं सहज येऊ लागलं. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, हे मला तेव्हाच कळलं. माझा मार्ग वेगळा होता, भाषेच्या परीक्षांचा आणि कागदांच्या मान्यतेचा, पण पोचले त्याच गावी. नोकरी मिळाली होती. कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात काही महिन्यांपुरती खोलीही मिळाली होती. त्या मुदतीत आपलं घर शोधायचं होतं. मनात आलं, नोकरी सातासमुद्रापार मिळाली, घराचं ते काय.

किती वेगळं निघालं ते. संध्याकाळी रुग्णालयातून सुटायचं, भुयारी रेल्वेने कुठल्यातरी अनोळखी ठेसनावर उतरायचं, आणि श्टुटगार्टच्या त्या दगडी जिन्यांच्या वाटा चढत जायचं. हे शहर कढईत वसल्यासारखं आहे, भोवती टेकड्या, टेकड्यांवर द्राक्षांचे मळे, आणि खालून वर नेणाऱ्या अशा पायऱ्यांच्या चारशेहून अधिक वाटा. आमचा वर्धा जिल्हा त्या मानाने ताटासारखा सपाट. पोटऱ्या भरून यायच्या. वर पोचावं तर एका घराच्या जिन्यात चाळीस माणसं रांगेत उभी. सगळ्यांच्या हातात एकसारखे कागद: पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, आणि 'शूफा' नावाचा दाखला, की हा माणूस कुणाचं देणं बुडवणारा नाही. माझ्याकडे तो कुठून असणार? मी या देशात कुणाचं काही देणं लागण्याइतकीही जुनी नव्हते. शिवाय एक अर्ज भरून द्यायचा, स्वतःची माहिती स्वतः देण्याचा. पगार किती. माणसं किती. कुत्रं-मांजर आहे का. वाद्य वाजवता का. दहा मिनिटांत घर बघायचं, मालकाच्या डोळ्यांत आपण उतरलो का ते बघायचं, आणि खाली उतरायचं. पुढे बहुतेकदा उत्तरही येत नसे.

भाड्याचेही दोन शब्द शिकले: काल्टमीटे आणि वार्ममीटे. थंड भाडं आणि उबदार भाडं. थंड म्हणजे नुसत्या चार भिंतींचं. खोली गरम ठेवण्याचा आणि पाण्यापावसाचा खर्च मिळवला की ते उबदार. डिसेंबरच्या रात्री, वसतिगृहाच्या खिडकीशी बसून रकमा जुळवताना ते दोन शब्द मी मनात कितीदा उलटसुलट केले असतील. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, तीही तीन हप्त्यांत देता येते, असा कायदा. कायदा भला आहे. पण कायद्याचा उपयोग घर मिळाल्यावर.

एका नकारानंतर, सुटीच्या दिवशी, मी वायसनहोफला जाऊन आले. 1927 साली या शहराने 'राहतं घर' याच एका विषयावर प्रदर्शन भरवलं होतं, आणि मीस व्हान डेर रोह, ल कॉर्ब्युझिए अशा वास्तुकारांनी टेकडीवर खरीखुरी घरं बांधून दाखवली होती. त्यातली बरीचशी अजून उभी आहेत. साधी, सपाट छपरांची, उजळ भिंतींची. मी रस्त्यावर उभी राहून त्या भिंती बघत राहिले. माणसाने कसं राहावं, याचा इतका विचार या गावाने केला आहे, तर माझ्यासाठी एक खोली कुठेतरी असेलच, असं काहीतरी भाबडं मनाशी म्हटलं आणि उतरले.

त्या रांगांमध्ये उभं असताना मला सगळ्यात जास्त कोण आठवलं असेल, तर कोट्टायमहून आलेली ती मुलगी. आमच्या मागच्या खोलीतली. मी दुसरी-तिसरीत असेन. ती वडिलांबरोबर खोली बघायला आली, लांब वेणी, हातात कापडी पिशवी, नर्सिंगला नाव घातलेलं. आईने तिला दारातच उभं केलं आणि विचारलं होतं: कुठची, खाता काय, मासे शिजवाल का, कोणी भेटायला येईल का. तिला मराठी येत नव्हतं, आईचं हिंदी जेमतेम. तिच्या वडिलांनी प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हेही आम्हाला कळत नव्हतं. मी आईच्या पदराआडून बघत होते. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसण्याचा प्रयत्न करत होती. ते हसू मला पंचवीस वर्षांनी एका अनोळखी जिन्यात, माझ्याच ओठांवर सापडलं.

आईला मी दोष देत नाही. अनोळखी माणूस आपल्या भिंतीआड घ्यायचा म्हणजे भीती असतेच, इथेही आणि तिथेही. पण त्या मुलीला आम्ही पाणी विचारायच्या आधी प्रश्न विचारले, ही गोष्ट मला आज बोचते. त्या संध्याकाळी मी वसतिगृहावर परतले आणि आईला फोन करून ती मुलगी आठवते का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "आठवते तर! चार वर्षं राहिली ना आपल्याकडं. जाताना माह्या गळ्यात पडून रडली पोरगी." आणि थोडं थांबून, "तू काहून रडून राहिली पण?"

मागच्या खोलीतल्या खिळ्याची गोष्टही त्या मुलीचीच. आमच्याकडे खोली देताना आईची एक अट असायची: भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. बाबांची उन्हातली मेहनत तिने पाहिलेली असायची. त्या मुलीकडे येशूची एक तसबीर होती, काचेची, चंदेरी चौकटीची. ती तिने कोनाड्यात पुस्तकांना टेकवून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी ती खाली घसरायची. एकदा बाबा नळाचं काही बघायला आत गेले, त्यांनी ते पाहिलं, काही न बोलता बाहेर आले आणि हातोडी घेऊन परत गेले. आई ओट्यावरूनच म्हणाली, "अहो, भिंत!" बाबा म्हणाले, "राहाले दिली ना आपण? मंग भिंत काय नुसती पाहाले ठेवाची हाय?" आणि ठोकला खिळा. पुढच्या प्रत्येक वर्षी बाबांनी त्या खिळ्याला वळसा घालून चुना दिला. ती गेल्यावरही काढला नाही. मणिपूरच्या मुलीने त्याच्यावर रंगीत गमचा टांगला, नंतरच्या कुणीतरी नुसती छत्री.

सेवाग्रामला बाबा भाडेकरू मुलींना एकदा तरी नेत. घरचा पाहुणा न्यावा तसे. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने हाताने उठवलेली ताडाची झाडं दाखवत. इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची ती लेक 1925 साली भारतात आली, आणि जिथे आली तिथल्या भिंतीवर तिने तिथलंच झाड काढलं. 1982 साली ती गेली ती ऑस्ट्रियात, म्हणजे आज माझ्या खिडकीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी. कोण कुठून निघतं, कुठल्या भिंती लिंपतं.

तर त्या मार्चमधल्या दुपारी आजीबाई मला सांगत होत्या की उत्तरेकडच्या भिंतीला ओल धरते, बुरशी येते, म्हणून त्यांनी साधा रंग लावला नाही, तो लावलाय. आणि त्यांनी जो शब्द उच्चारला तो होता 'काल्क'. चुना. आपल्या वैद्यांच्या 'कल्का'शी त्याचं नातं नाही, कानाला तेवढा सारखा वाटतो. पण मी तो ऐकला आणि भानावर आले. म्हटलं, माझे वडीलही लावतात. घरच्या घरी, पिंपात विरवून. माझं व्याकरण नक्की चुकलं असणार. त्यांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि विचारलं: निवायला किती दिवस ठेवतात?

घर मला त्या एका प्रश्नाने मिळालं, असं म्हणणं खरं नाही; कागद सगळे द्यावेच लागले, रुग्णालयाचं पत्र, तीन पगारपावत्या. पण त्या चुन्याबद्दल आम्ही दोघी त्या रिकाम्या खोलीत उभ्या उभ्या किती वेळ बोललो! खुर्ची नव्हतीच बसायला. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा नेला, सामानातला शेवटचा. त्यांनी तो उघडून आधी नाकाशी धरला. वासावर भरवसा ठेवणारं माणूस, म्हटलं, आपलंच.

किल्ली देताना कागदावर सगळं टिपलं गेलं: वीजमीटरचा आकडा, लाकडावरचा ओरखडा, आणि भिंतीला छिद्र एकही नाही. या देशात इमारतीतल्या एकेका घराला बहुधा क्रमांक नसतो; रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि दारावरच्या घंटीशेजारचं नाव, एवढाच पत्ता. नाव लागलं नाही तर पत्र परत जातं. माझं आडनाव त्या इवल्याशा पट्टीत बसवताना आजीबाईंनी दोनदा अक्षरं विचारून घेतली. मग घर मिळाल्याची नोंद सरकारदफ्तरी, दोन आठवड्यांच्या आत. जन्मगावाच्या रकान्यात मी कंसासकट लिहिलं. खिडकीमागच्या बाईंनी कंसावर पेन टेकवलं: हेही नावातच? म्हटलं, हो, तेही नावातच. त्यांनी ते टंकलं. माझं गाव कंसासकट त्या देशाच्या दफ्तरात गेलं आणि मला उगाचच भरून आलं.

आठवड्याभराने माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी टांगलेली दिसली: केअरवोखे. झाडण्याचा आठवडा. या श्वाबेन मुलखाची जुनी रीत. पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. मी पहाटेच उठले. जिना झाडताना हात आपोआप आईसारखा वळला, सडा टाकल्यासारखा. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जाता जाता मान लववली. पाच महिन्यांत त्या शहराने मला दिलेलं ते पहिलं काम होतं ज्याला कागद लागला नाही.

रात्री मी त्या भिंतीशी झोपते. अकरावीच्या रसायनशास्त्रात शिकलेलं एक समीकरण तेव्हा मला आठवतं, जे परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. चुनखडीचा दगड भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. पाण्यात तो खदखदून विरतो. आणि भिंतीवर लावला की नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेत घेत पुन्हा दगड होतो. महिने लागतात त्याला. म्हणजे खोलीत जो कोणी झोपतो, त्याचा उच्छ्वास थोडा थोडा भिंतीत जात असतो, आणि भिंत त्याने घट्ट होत असते. मग पुढच्या वर्षी त्यावर नवा हात. लहानपणी मला वाटायचं, बाबा गेलेल्या मुलीला पुसून टाकताहेत. मागच्या खोलीच्या भिंतीचा एकदा पोपडा निघाला होता, त्याच्या कडेला निळसर-पांढरे थर मोजता येत होते, वहीच्या पानांसारखे. कोट्टायमची त्यातली चार पानं असतील. अभ्यासाच्या, घरच्या आठवणीने उसासे टाकलेल्या रात्रींची. ती पुसली गेली नव्हती. ती आत होती.

गेल्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल केला. फोन फिरवून सगळं दाखवलं: चुलीपुरती दोन शेगड्यांची सोय, गादी, खिडकीतला टेकडीचा तुकडा. भिंतीशी, जमिनीवरच, निघताना आईने कोंबलेलं कालनिर्णय टेकवून ठेवलं होतं.

"ते खाली काहून ठेवलं?" बाबांनी विचारलं.

"खिळा ठोकायचाय अजून."

"मंग ठोक ना."

"आज रविवार आहे, बाबा. रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही. शेजाऱ्यांना त्रास होतो."

बाबा गप्प झाले. ही अट त्यांना आवडली असावी. मग म्हणाले, फोन जरा भिंतीजवळ ने. नेला. अजून जवळ. मी तो उत्तरेच्या भिंतीवरून सावकाश फिरवला, खालून वर, मग आडवा. पलीकडे, काही तासांनी पुढे असलेल्या सावंगीत, पंख्याचा आवाज येत होता, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बघत होते.

"दोनच हात दिलेले दिसतात," शेवटी ते म्हणाले. "वरच्या कोपऱ्याला तिसरा पाहिजे होता."

मी वर पाहिलं. कोपरा अजून थोडा राखाडी होता.